पतसंस्थेत आठपैकी तीनच पीसीवर एरर येतो, तोही कधीतरीच. नेमकं शोधायचं कुठं?

तालुका_काउंटर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे नंतरची प्रश्नोत्तरं वाचतील.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून ते खातंही आपसूक माझ्याच गळ्यात आलंय. मागच्या खोलीत विंडोज १० प्रोचा एक साधा पीसी आहे, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. त्यावरचं डेटाचं फोल्डर शेअर केलंय आणि बाकीच्या आठ पीसीवर ते झेड ड्राइव्ह म्हणून मॅप आहे. सॉफ्टवेअर जुनंपुराणं, व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधलं, सगळा डेटा डीबीएफ फाइलींत. खाली काउंटरला १ ते ५ नंबरचे पीसी, वरच्या मजल्यावर कर्ज आणि वसुलीकडे ६, ७, ८.

तर १ आणि २ नंबरला मधूनच "रेकॉर्ड इज आउट ऑफ रेंज" येतं नाहीतर "इंडेक्स डज नॉट मॅच द टेबल", आणि वर ७ नंबरला "एरर रीडिंग फाइल" येऊन प्रोग्राम सरळ बंदच पडतो. बाकीच्या पाचांवर आजवर एकदाही काही नाही. आठवडा आठवडा गुण्यागोविंदाने चालतं आणि मग नेमकं बाजाराच्या दिवशी, रांग दारापर्यंत गेलेली असताना, पिवळ्या त्रिकोणाची खिडकी येऊन बसते. मेन्यूतून रीइंडेक्स मारला, म्हणजे डेटाची शोधयादी नव्याने बांधली, की परत चालू. पुढच्या वेळेपर्यंत.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला की म्हणतो नेटवर्क बघा, हार्डवेअरवाला येतो, पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का बघायची चाचणी) मारून दाखवतो, म्हणतो नेटवर्क ओके आहे सॉफ्टवेअर बघा, आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. २ नंबर फॉर्मॅट करून झाला, १ नंबरची रॅम बदलून झाली, फरक शून्य. शिवाय त्याच झेड ड्राइव्हवर आमच्या वर्ड-एक्सेलच्या फाइली पण आहेत, त्यांना कध्धीच काही होत नाही. नेटवर्क खराब असतं तर त्या पण बोंबलल्या असत्या ना?

चेअरमन साहेब आता म्हणतायत सगळे पीसी नवीन घेऊ. त्याआधी कुणी काही सुचवा.

---

एकक्लिक_सोल्यूशन

अँटीव्हायरस बघ आधी. डेटाचं फोल्डर आणि प्रोग्रामची एक्झी, दोन्ही एक्सक्लूजनमध्ये टाक, सर्व्हरवर पण आणि क्लायंटवर, म्हणजे बाकीच्या पीसींवर पण. डीबीएफ उघडली की प्रत्येक वेळी स्कॅन करायला बसतात ते.

आणि त्याने नाही झालं तर एसएमबी (विंडोजची नेटवर्कवरून शेअर फाइली उघडायची पद्धत), तिची जुनी आवृत्ती एसएमबी १ चालू करून एसएमबी २ बंद करून टाक, जुन्या फॉक्सप्रोला तेच मानवतं. आमच्या दोन क्लायंटकडे हेच केलंय, दगडासारखं चालतंय.

---

डीबेसपासूनचा

एक्सक्लूजनचं ठीक आहे, करून ठेवा, नुकसान नाही. पण एसएमबी १ चा सल्ला कृपा करून कुणी मनावर घेऊ नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच भोकातून, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमधून ते काढायला सुरुवात केली. लोकांच्या ठेवी असलेल्या ठिकाणी तो दरवाजा परत उघडायचा म्हणजे कमाल आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही दोन वेगळे आजार एकाच केसपेपरवर लिहिलेत असं मला वाटतंय.

"एरर रीडिंग फाइल" म्हणजे फाइल उघडी असताना मधला रस्ताच तुटला. हा एरर जिथे दिसतो तिथेच घडतो, त्यामुळे ७ नंबरच्या बाबतीत ७ नंबर आणि त्याच्या वायरीवर संशय घेणं बरोबर आहे.

"आउट ऑफ रेंज" आणि "इंडेक्स डज नॉट मॅच" यांची गोष्ट वेगळी. डीबीएफमध्ये रेकॉर्ड असतात आणि शेजारच्या सीडीएक्स फाइलमध्ये त्यांचा इंडेक्स, म्हणजे कुठला रेकॉर्ड कुठे आहे त्याची यादी. कुणीतरी नवीन रेकॉर्ड लिहिताना मध्येच कनेक्शन गेलं, एका फाइलीत लिहिलं गेलं आणि दुसरीत अर्धवट राहिलं, की इंडेक्स म्हणतो चाळीस हजार दोनवा रेकॉर्ड बघ आणि टेबलात असतात चाळीस हजारच. पण हे त्या क्षणी कळत नाही! जो माणूस नंतर त्या इंडेक्सवरून शोधायला जातो त्याच्या स्क्रीनवर ते फुटतं. म्हणजे घाण करणारा पीसी वेगळा आणि ओरडा खाणारा वेगळा. तुम्ही इतके दिवस ओरडा खाणाऱ्याला फॉर्मॅट करताय.

तेव्हा १ आणि २ नंबरच्या मशीनमध्ये काय सारखं आहे हे सोडा, तिथे काम कुठलं चालतं ते सांगा. आणि एक साधा प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. १ नंबरवर बसणाऱ्या मॅडमना आठवडाभर ४ नंबरवर बसवा, ४ वाल्यांना १ वर. एरर खुर्चीबरोबर राहिला तर मशीन किंवा वायर. माणसाबरोबर गेला तर मशीन निर्दोष, कामात शोधायचं.

आणखी एक, टेबलावर एक वही ठेवा. तारीख, वेळ, पीसी नंबर, कुठला स्क्रीन उघडा होता, एररचा मजकूर मोबाइलवर फोटो काढून. "मधूनच येतो" हे काही वर्णन नाही. सॉफ्टवेअरवाल्यालाही त्यावरून काही करता येत नाही, त्याला शिव्या घालून उपयोग नाही.

---

लाइन_तपासनीस

डीबेसवाल्या काकांशी सहमत. माझं काम नेटवर्कचं, नागपूरकडे असतो, म्हणून वायरीच्या बाजूनं सांगतो.

पिंग चार वेळा मारला न् चार रिप्लाय आले म्हणजे नेटवर्क ओके, हे जे लोकं करून राहिले ना त्यानं काहीच सिद्ध होत नाही भाऊ. दोन-तीन सेकंदांची लिंक तुटली तर पिंगला त्या वेळेला तिथे असायला पाहिजे. त्यापेक्षा विंडोज स्वतःच लिहून ठेवते ते वाचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट, त्यात कनेक्टिव्हिटी. तिथे ३०८०४ म्हणजे सर्व्हरशी कनेक्शन तुटलं, ३०८०७ म्हणजे शेअर गेला, ३०८०८ म्हणजे परत जुळला. वेळ सेकंदासकट असते. हे आठही पीसीवर बघा, फक्त एरर येणाऱ्यांवर नाही. त्याच वेळेला सिस्टीम लॉगमध्ये नेटवर्क लिंक डिस्कनेक्टेड असं दिसलं तर वायर, सॉकेट, नेटवर्कचा स्विच (सगळ्या पीसींच्या केबली जिथे जुळतात तो डबा) नाहीतर नेटवर्क कार्ड, यापलीकडे जायचं कामच नाही.

दुसरं, प्रत्येक पीसीवर पॉवरशेल उघडून गेट-नेटॲडॅप्टर टाइप करा, लिंकस्पीडचा कॉलम बघा. स्विच गिगाबिट (१ जीबीपीएस) आहे, कार्ड गिगाबिट आहे, आणि एकाच पीसीला १०० एमबीपीएस दिसून राहिलं तर त्याच्या केबलमधली तारांची एखादी जोडी गेलेली असण्याचा चांस लई मोठा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. म्हणून वायर अर्धी मेली तरी पीसी "चालू" दिसतो, इंटरनेट चालते, कोणाला शंका येत नाही.

तिसरं, वरच्या मजल्यावर जाणारी वायर मधे कुठल्या छोट्या स्विचवर जाते का? जात असेल तर त्याचा ॲडॅप्टर कुठल्या प्लगमधे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. विचारू नका, बघा.

आणि नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असते, त्यात पॉवर वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू द्यायची टिक असते ती काढून टाका सगळीकडे. ॲडव्हान्स्डमधे एनर्जी एफिशियंट इथरनेट दिसलं तर तेही डिसेबल.

वर्ड-एक्सेलचं तुमचं म्हणणं बरोबर वाटते पण फसवं आहे. एकट्यानं उघडलेल्या फाइलीला सर्व्हर एक प्रकारची सवलत देतो, त्याला लीज म्हणतात, तिच्या जिवावर कनेक्शन क्षणभर गेलं तरी विंडोज गुपचूप तीच फाइल परत पकडून घेते. जी डीबीएफ आठ जणांनी एकदम उघडलीये तिला ही सवलत नसते. तुटली की तुटली. म्हणून त्याच वायरीवर एक्सेल हसत राहते आणि फॉक्सप्रो मरते.

---

कॉलेज_लॅब_असिस्टंट

याच्याशी थेट संबंध नाही पण लीजचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे ॲडमिशनचं काम ॲक्सेसच्या डेटाबेसवर होतं, २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०३ अपडेट आल्यानंतर अचानक "अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट" यायला लागलं, एरर नंबर ३३४३, आणि फाइल रिपेअर करावी लागायची. केबली बदलल्या, स्विच बदलला, काही नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलेला उपाय चालला, ज्या पीसीवर फाइल आहे तिथे लीजिंग बंद करायचं. रजिस्ट्रीत लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्सखाली डिसेबललीजिंग नावाची डीवर्ड व्हॅल्यू, १ करायची, मग रीस्टार्ट. जुन्या लेखांत इनेबलऑपलॉक्स (ऑपलॉक म्हणजे लीजचाच जुना अवतार) शून्य करा असं असतं ते फक्त एसएमबी १ ला लागू, एसएमबी २ त्याला विचारत नाही.

---

डीबेसपासूनचा

चांगली माहिती. मात्र तालुका_काउंटर यांनी लगेच ते करू नये. लीजिंग बंद केलं की वर्ड-एक्सेलची ती सवलत पण जाते आणि सगळं थोडं हळू होतं. आधी लॉग बघा, मग रजिस्ट्रीला हात लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बरं झालं तर कशाने झालं ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी परत हजर.

---

तालुका_काउंटर

मंडळी, उशीर झाला, मार्चअखेरची गडबड होती. पण सांगण्यासारखं बरंच आहे.

खुर्च्यांची अदलाबदल केली. मॅडम कुरकुरल्या, पंखा त्या बाजूला येत नाही म्हणून, पण बसल्या. आणि एरर त्यांच्याबरोबर ४ नंबरवर गेला!! ज्या ४ नंबरवर आजवर काही म्हणजे काही नव्हतं तिथे "रेकॉर्ड इज आउट ऑफ रेंज", आणि १ नंबर गप्प. म्हणजे रॅमचे पैसे पाण्यात.

मग वही बघितली. १ आणि २ नंबरला काम काय, तर पिग्मीच्या खातेदारांना नावावरून शोधून पासबुक भरून देणं. पिग्मीचं टेबल खातेदारांच्या नावांच्या इंडेक्सवर फक्त हे दोघंच उघडतात, बाकीचे खाते नंबर टाकून जातात. आणि वेळा बघितल्या तर सगळे एरर एक तर संध्याकाळी पाचनंतर नाहीतर दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या. दुपारी एकही नाही. आता पाचच्या सुमाराला होतं काय, तर पिग्मी एजंट येतात, त्यांच्या मशीनमधलं दिवसभराचं कलेक्शन ५ नंबरच्या पीसीवर उतरवून घेतो आणि तिथून डेटामध्ये इम्पोर्ट मारतो.

५ नंबरवर आजवर एक पण एरर नाही. त्याचा कनेक्टिव्हिटी लॉग उघडला तर ३०८०४, ३०८०७, ३०८०८, ३०८०४, खाली सरकवत गेलो तर संपेचना. लिंकस्पीड १०० एमबीपीएस, खालच्या बाकी चारांना १ जीबीपीएस. वायर कुठून जाते बघायला गेलो तर भिंतीच्या कडेने जाऊन रेकॉर्डच्या लोखंडी कपाटाच्या पायाखालून पलीकडे निघते. रंगकाम झालं तेव्हा कपाट हलवलं होतं, ठेवताना पाय बरोबर वायरीवर. केबलचं वरचं आवरण चपटं होऊन फाटलंय आणि आतली निळी तार उघडी दिसतेय. कपाटाचं दार उघडलं की कपाट किंचित पुढे कलतं, आणि स्विचवरचा ५ नंबरचा दिवा जातो. दोघांनी उभं राहून बघितलं, एकजण दार उघडतोय बंद करतोय आणि मी स्विचपाशी. एजंटांच्या पावत्यांची फाइल त्याच कपाटात असते, त्यामुळे इम्पोर्टच्या वेळेला ते उघडणारच!

वरच्या मजल्याचं पण सापडलं. ६, ७, ८ तिथल्या एका छोट्या पाच पोर्टच्या स्विचवर आहेत. पीसी सगळे यूपीएसवर, स्विचचा ॲडॅप्टर मात्र साध्या लाइटच्या बोर्डात, टेबल फॅनच्या शेजारी. लाइट नुसती लपकली तरी पीसी चालू राहतात आणि स्विच बंद होऊन परत सुरू होतो. मग ६ आणि ८ ला एरर का नाही? तर ६ वाले वसुली अधिकारी सदानकदा फिरतीवर, ८ नंबरवर नुसत्या नोटिसा टाइप होतात. कर्जाचा स्क्रीन दिवसभर उघडा ठेवून बसणारा एकटा ७ नंबर. तिघांच्याही लॉगमध्ये ३०८०४ एकाच वेळेचे आहेत.

आता प्रश्न, ५ नंबरवर इम्पोर्ट करताना कनेक्शन जात असेल तर तिथे एरर यायला नको का? आणि खराब झालेल्या इंडेक्सचं काय करू, रीइंडेक्स पुरे का?

---

डीबेसपासूनचा

वा, याला म्हणतात शोधणं. वही ठेवल्याचं सार्थक झालं.

५ नंबरवर एरर न येण्याचं कारण बहुतेक प्रोग्राममध्येच आहे. जुने लोक अशा इम्पोर्टला ऑन एरर लावून ठेवायचे, काही झालं की टेबल बंद करून परत उघडायचं आणि ती फाइल पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. वापरणाऱ्याला वाटतं आज जरा हळू चाललंय. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, आणि हे जरूर विचारा की पुन्हा घेताना आधी अर्ध्या घेतलेल्या पावत्या डबल पडत नाहीत ना. त्या दिवसांच्या एजंटवार बेरजा पावत्यांशी ताडून बघा. एररपेक्षा मला ही काळजी जास्त आहे, कारण एरर दिसतो तरी.

इंडेक्सबद्दल: आधी सगळ्यांना बाहेर काढा, पूर्ण डेटा फोल्डरची कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या, मग काम सर्व्हरवरच बसून करा, नेटवर्कवरून नाही. रीइंडेक्स ही कमांड सीडीएक्सच्या डोक्यात जी माहिती आहे तिच्यावर विसंबून इंडेक्स परत बांधते, ते डोकंच बिघडलेलं असेल तर वरवर बरं दिसतं आणि आत तसंच राहतं. खरं करायचं ते डिलीट टॅग ऑल (आधीचे सगळे इंडेक्स पुसणारी कमांड) करून प्रत्येक इंडेक्स नव्याने बनवणं. तुमच्या मेन्यूतला रीइंडेक्स यातलं नेमकं काय करतो हे सॉफ्टवेअरवाल्यालाच माहीत, त्याच्याकडूनच करून घ्या. टेबलावर प्रायमरी की वगैरे असतील तर स्वतः डिलीट टॅग ऑल करायला जाऊ नका.

---

लाइन_तपासनीस

केबल जोडून टेप मारू नका हं, पूर्ण नवीन ओढा, पट्टीतून, न् शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तातली जी मिळते ती आतून ॲल्युमिनियमची वरून तांब्याचा मुलामा अशी राहते. आणि वरचा स्विच यूपीएसवर घ्या, खालचा पण कशावर आहे बघून घ्या, आणि इंटरनेटचा राउटर हाच स्विच म्हणून वापरत असाल तर तोही.

---

एकक्लिक_सोल्यूशन

ओके, एसएमबी १ चं मागे घेतो 🙏 पण एक विचारायचंय, एका पीसीवर एंट्री केली की दुसऱ्यावर थोडा वेळ दिसतच नाही, असं पण होतं आमच्या क्लायंटकडे. ती पण वायर?

---

डीबेसपासूनचा

नाही, ती क्लायंट पीसीची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, असण्याची शक्यता जास्त. विंडोज फाइलीची आणि फोल्डरची माहिती १० सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतं, "फाइल नाही" हे उत्तर ५ सेकंद. त्या वेळात फाइलीचा जुनाच आकार दिसू शकतो. क्लायंटवर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशनमध्ये डायरेक्टरीकॅशलाइफटाइम, फाइलइन्फोकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम तिन्ही शून्य करायचे. सगळ्या क्लायंटवर करा, निम्म्यांवर केलं तर परत "काही पीसीवरच" सुरू होईल. तरी नाही गेलं तर प्रोग्राममधलं बफरिंग बघावं लागेल.

---

तालुका_काउंटर

केबल ओढून झाली, ५ नंबर आता १ जीबीपीएस दाखवतोय आणि त्या दिवसापासून त्याच्या लॉगमध्ये नवीन ३०८०४ नाही. वरचा स्विच यूपीएसवर घेतला. बेरजा ताडून बघितल्या, दोन एजंटांच्या काही पावत्या खरंच डबल पडल्या होत्या, त्या मॅनेजर साहेबांच्या सहीने रिव्हर्स केल्या. सॉफ्टवेअरवाला स्वतः येऊन इंडेक्स नव्याने बांधून गेला, इम्पोर्टमध्ये पावती नंबर तपासायची सोय पण करून देतो म्हणालाय.

तोवर साहेबांनी दोन नवीन पीसी मागवलेच. विंडोज ११ प्रो, २४एच२. त्यांच्यावर झेड ड्राइव्ह मॅपच होत नाहीये, जुन्यांवर बिनपासवर्डचा चालतो. हे आता काय नवीन?

---

लाइन_तपासनीस

तेच कारण, बिनपासवर्डचा. २४एच२ प्रोमधे गेस्ट म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शेअरला जाणं डिफॉल्टनं बंद आहे, साइनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) पण कंपल्सरी केलंय, आणि गेस्टला साइनिंग जमतच नाही. ते परत सैल करायच्या फंदात पडू नका. सर्व्हरवर एक युजर बनवा पासवर्डसकट, शेअरला न् फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबला दोन्हीकडे त्याला परवानगी द्या, एव्हरीवन काढा, आणि सगळ्या पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजरमधे तो भरून ड्राइव्ह नव्यानं मॅप करा. जुन्या पीसीवरचं आधीचं मॅपिंग डिलीट करून मगच, नाहीतर एकाच सर्व्हरला दोन नावांनी जाता येत नाही म्हणून वेगळाच एरर येईल. आणि सर्व्हर अजून विंडोज १० वर आहे ना? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दोन नवीन पीसी आलेच आहेत तर साहेबांना म्हणा, त्यातला एक काउंटरला न देता मागच्या खोलीत ठेवू.